आत्याचा वेग आणि सगळ्यांची मजुरी

आमची आत्या चादरींच्या घड्या घालायची. त्यात काय मोठं, आम्हीही घालतो, असं कुणाला वाटेल. वाटू द्या, पण तिच्यासमोर म्हणू नका. ती तुम्हाला लॉन्ड्रीत नेईल, हातात दोन कोपरे देईल आणि पार घामाघूम करून घरी पाठवेल. मी तिच्या बाजूने लिहितेय हे आधीच सांगून टाकते. मला चिडायला फारसं काही लागत नाही आणि आत्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर काहीच लागत नाही.

लॉन्ड्री म्हणजे गल्लीतलं इस्त्रीचं दुकान नव्हे. मोठी पत्र्याची शेड आहे. शहरातल्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे येतात, मशीनमध्ये धुतल्या जातात, पिळल्या जातात आणि तापलेल्या रोलरमधून बाहेर पडतात त्या हाताला चटका बसेल इतक्या गरम. रोलरच्या तोंडाशी दोघीजणी उभ्या असतात. दोन-दोन कोपरे धरायचे, झटका देऊन चादर ताणायची, निम्मी करायची, पुन्हा निम्मी, मग एकीने दुसरीपर्यंत चालत जाऊन कोपऱ्याला कोपरा जुळवायचा आणि टेबलावर शेवटची घडी घालून गठ्ठ्यावर ठेवायची. मजुरी नगावर. जितक्या चादरी तितके पैसे. मी समोरच्या काउंटरवर गठ्ठे बांधून गाडीत चढवायला देते, त्यामुळे घडीचं टेबल दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतं.

आत्या चालत जायची नाही. ती आपल्या हातातली कड अशी भिरकावायची की चादर हवेतच दुमडायची आणि जोडीदारणीच्या हातात अलगद पडायची. दुसरीने फक्त धरायचं. ही फेक शिकायला कितीजणी आल्या आणि तोंडावर चादर घेऊन परत गेल्या. आत्याला हे फार आवडायचं. तिच्यात नम्रपणा औषधालाही नाही. "माझ्यासारखी घडी घालणारी दाखवा आणि बक्षीस घेऊन जा," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मी तिथे कामाला लागले आणि मी आत्या म्हणते म्हणून सगळ्याच तिला आत्या म्हणायला लागल्या. मालक तिच्याहून वयाने चांगलेच मोठे, तेही आत्याच म्हणतात. तिने कधी हरकत घेतली नाही.

तिच्या जोडीदारणीचं नाव तिनेच 'ढिम्मी' ठेवलेलं. शेडला आग लागली तरी ही बाई हातातली घडी पुरी करून मगच बाहेर येईल, असं आत्या म्हणायची. ढिम्मी त्यावर हसायची, तेही सावकाश. पण इतकी वर्षं आत्याची फेक झेलली ती तिनेच.

आत्याचा नवरा गेला तेव्हा ती ऐन तारुण्यात होती. बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिला आमच्याकडे घेऊन आले. ती म्हणाली, "राहीन. पण तुझ्या जिवावर नाही." आठवड्याच्या आत ती लॉन्ड्रीत उभी होती. बाबांची छोटी बेकरी आहे, दोन कामगार आहेत, आणि बेकरीच्या मागच्या खोल्यांत आमचं घर. मागच्या खोलीत आत्या आणि मी.

किमान वेतन वाढवायचं की नाही, यावर त्या वर्षी टीव्हीवर रोज भांडणं चालायची. आमच्याकडे टीव्ही बंद केला तरी चालायची.

"आकडा सरकार ठरवणार आणि खिसा माझा फाटणार," बाबा म्हणायचे. "पाव महाग केला तर सगळ्यांत आधी तूच ओरडशील, ताई."

"ओरडेन आणि घेईन. पण तुझ्याकडच्या त्या दोघांचं तुझ्या पगारात भागत नसेल ना, तर बेकरी तू चालवत नाहीस. ते दोघं चालवताहेत, पदरचं घालून."

"बरं. मग दोघांतल्या एकाला घरी पाठवावं लागेल. कुणाला पाठवू? तूच सांग."

इथे आत्याचं घोडं पेंड खायचं. ती ताटं उचलायची आणि गरजेपेक्षा बराच जास्त आवाज करत घासायची. बाबा कंजूष नाहीत. पहाटे भट्टीसमोर तेही त्या दोघांच्या बरोबरीनेच उभे असतात.

शेवटी वाढ झाली. टेबलाभोवती बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मग कळलं की नगावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे. साधारण कामगार दिवसभरात किती चादरींच्या घड्या घालू शकतो हे आधी ठरणार. तेवढ्या केल्या तर किमान वेतन पुरं. कमी केल्या तर त्या मानाने कमी. या आकड्याला सगळे कोटा म्हणायला लागले. तो ठरवायला कामगार खात्याच्या बाई येणार होत्या आणि शहरातल्या सगळ्या लॉन्ड्रींसाठी मोजणी आमच्या शेडमध्ये होणार होती.

त्या सकाळी आत्या आरशासमोरून हलेना. केसांना नवा रुमाल बांधला. मी म्हटलं, "लग्नाला निघालीस का?" तर म्हणाली, "सरकार बघायला येतंय, येडे."

बाई साध्याच होत्या, गळ्यात ओळखपत्र, पायांत सपाट चपला. त्यांनी विचारलं, "कुठलं टेबल बघू?" शेडमधल्या प्रत्येकीने आत्याकडे बोट दाखवलं. कुणीही हेच केलं असतं. पाहुणे आले की घरातलं सगळ्यांत चांगलं भांडं काढायचं, एवढाच तो विचार होता.

आणि आत्या सुटली. तशी घडी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहणार नाही. चादर रोलरमधून बाहेर येते न येते तोच हवेत, हवेतून टेबलावर, टेबलावरून गठ्ठ्यावर. ढिम्मीसुद्धा त्या सकाळी ढिम्मी राहिली नाही. बाकीच्या काम सोडून उभ्या राहिल्या. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाई भारावल्या. एक तास मोजून, त्याला दिवसाच्या तासांनी गुणून त्या निघून गेल्या. मालकांनी सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने चहा पाजला. आमचे मालक असे हात सैल सोडणारे नव्हेत. तेव्हाच शंका यायला हवी होती.

कोट्याचा मसुदा दारावर लागला तेव्हा पहिल्यांदा कुणाला तो खराच वाटेना. छापताना चूक झाली असेल, असं एकीने म्हटलंही. चूक नव्हती. तो आत्याचा आकडा होता, तिच्या सगळ्यांत चांगल्या सकाळचा. तो गाठणं बाकी कुणाच्या बापाला जमलं नसतं. म्हणजे वेतन वाढलं आणि आमच्या टेबलावरच्या बायकांच्या हातात पूर्वीपेक्षाही कमी पडणार. आणि फक्त आमच्या नाही, शहरातल्या प्रत्येक लॉन्ड्रीतल्या.

तिला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, तिने चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. जेवणाच्या सुट्टीत बाकावर तिला जागा करून द्यायच्या, पण ती बसली की गप्पा थांबायच्या. एकदा एक म्हणाली, "टाळ्या तर आपणच वाजवल्या." तेवढंच. आत्याने डबा न उघडता परत आणला.

घरी बाबांना बोलायला मोकळं रान मिळालं होतं. "एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. मी सांगत नव्हतो?" एवढं बोलून त्यांनी बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या ताटात मुकाट भाजी वाढली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती तोपर्यंत फक्त मला माहीत होती आणि तिने मला शपथ घातली होती. आत्याचे हात गेले होते. कित्येक महिने सकाळी उठल्यावर तिच्या मुठी उघडायच्याच नाहीत. मी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन बसायची आणि एकेक बोट सरळ करायची. ती तोंडातून हूं की चूं काढायची नाही, उलट माझ्या वेणीला नावं ठेवत बसायची. उघडले की मग हात चालायचे, पण दुपार झाली की पुन्हा आखडायचे. ती हे लपवायची, कारण तापलेल्या रोलरसमोर असे हात मालक उभे करणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि घडीच्या टेबलावर उभी नसलेली आत्या कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मसुद्यावर हरकती घ्यायला सुनावणी ठेवली होती. त्याच्या आधी मालकांनी तिला ऑफिसात बोलावलं. मी गठ्ठ्यांचा हिशेब द्यायला तिथेच उभी होते, त्यांनी मला जा म्हटलं नाही.

"आत्या, बसा. किती दिवस उभ्याने काम करणार? नव्या मुलींवर देखरेख करायला मला मुकादम हवी. महिन्याचा पगार, नगाची भानगड नाही."

आत्या बसली. "आणि?"

"आणि काय? काही नाही. सुनावणीत उगाच बोलायला जाऊ नका, एवढंच. हॉस्पिटलचा ठेका कमी भाव लावणाऱ्याला जातो हो, मग तो शहराबाहेरचा का असेना. कोटा खाली आला तर मी तेवढा कमी भाव कुठून देऊ?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला ते ऐकून घ्यावं लागलं याचाच राग आला. खुर्ची, महिन्याचा पगार, आणि हातांचं गुपित कायमचं झाकलेलं. आत्याने देवाकडे मागावं असं सगळं त्या टेबलावर मांडलेलं होतं. ती म्हणाली, "विचार करून सांगते." आत्या विचार करून सांगते म्हणाली! मी घाबरलेच.

त्या दुपारी ती ढिम्मीशेजारी बाकावर जाऊन बसली. मी पलीकडे पाण्याच्या नळाशी होते.

"एक विचारू? खरं सांगशील?" आत्या म्हणाली. "दुपारी माझी फेक कमी पडते. तुला कळतं?"

"कळतं की."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष." ढिम्मीने घास सावकाश चावून संपवला. "म्हणून तर जेवणानंतर मी जरा पुढे सरकून उभी राहते. तुला पोचायला नको का?"

वर्षभर जी फेक आत्या आपली म्हणून मिरवत होती, ती निम्मी ढिम्मीच्या पायांवर चालली होती आणि ढिम्मीने कधी एका शब्दाने ते दाखवलं नव्हतं. आत्याचे डोळे भरले. मग ती नेहमीच्या सुरात म्हणाली, "बोलायचं नाही का आधी, ढिम्मे?" आणि तिच्या डब्यातला अर्धा घास उचलून तोंडात टाकला.

सुनावणी सरकारी इमारतीतल्या एका लांबट खोलीत होती. लोखंडी खुर्च्या, खिडकीशी घरघरणारा पंखा, पुढे टेबलामागे मोजणीवाल्या बाई आणि त्यांचे दोन वरिष्ठ. एका बाजूला छोट्या धंद्यांचे मालक, त्यांत बेकरीवाल्यांच्या वतीने बोलायला आलेले आमचे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून. दुसऱ्या बाजूला आम्ही. आत्यासाठी मी एक छान भाषण तयार करून दिलं होतं. ती उभी राहिली आणि त्यातलं एकही वाक्य बोलली नाही.

"बाई, त्या दिवशी मी मिरवलं," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर मिरवतात तसं. तुम्ही ते मोजून नेलंत, आणि आता माझ्या मिरवण्याच्या हिशेबाने सगळ्यांची मजुरी ठरतेय."

एक वरिष्ठ म्हणाले, "पण तुम्ही केलंत ना ते? म्हणजे करता येतं."

"सकाळी येतं. दुपारी मला कोण बघायला आलं?" मग तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. ती वेळ दुपारचीच होती. बोटं आत वळली होती आणि ती सरळ करायचा तिने प्रयत्नही केला नाही. "हे असे होतात. सकाळी भाची उघडून देते तेव्हा उघडतात. अशी घाई करून करून झाले असतील, मला माहीत नाही. पण या वेगाने रोज काम करायचं ठरवलंत, तर या सगळ्याजणींचे असेच होतील."

मी मालकांकडे पाहिलं. ते खाली पाहत होते. मुकादमाची खुर्ची तिथल्या तिथे गेली आणि बहुतेक टेबलही गेलं, हे आत्याला कळत होतं. मला इतका अभिमान वाटत होता की उठून ओरडावंसं वाटलं.

मोजणीवाल्या बाईंनी हळूच विचारलं, "मग कुणाला मोजायचं, तुमच्या मते?"

"हिला." आत्याने मानेनेच मागे ढिम्मीकडे खूण केली. "ही संध्याकाळीही सकाळच्याच चालीने काम करते. घरी जाऊन स्वयंपाक करते, पोरांना ओरडते. हिला मोजा, दिवसभर बसून."

"अगं बाई, मला नको!" ढिम्मी मागून ओरडली आणि सगळी खोली हसली. वरिष्ठही हसले.

यानंतर बाबांचं नाव पुकारलं. ते उठले. हातात टाचणं होती. आपल्या बहिणीचे हात असे झालेत हे एका घरात राहून त्यांना ठाऊक नव्हतं. ते टाचणांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मी जे सांगायला आलो होतो ते अजूनही खरंच आहे. मला परवडणं कठीण आहे. पण ही माझी बहीण आहे, साहेब. आज हिच्यानंतर मी बोलणार नाही." आणि खाली बसले. त्यांच्या बाजूच्या मालकांना ते मुळीच आवडलं नाही.

फेरमोजणी झाली. दिवसभर, वेगवेगळ्या जोड्यांवर, आत्याला बाजूला ठेवून. बाई जेवणानंतरही थांबल्या आणि चहाच्या सुट्टीनंतरही. ढिम्मी लाजून लाल झाली होती, पण चाल तिने बदलली नाही. नवा कोटा दारावर लागला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका एकमेकींना वाचून दाखवत होत्या आणि हा तर जमेल, हा तर रोज जमेल, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. एक हॉटेल आमच्याकडून निघून शहराबाहेरच्या स्वस्त लॉन्ड्रीकडे गेलं. बाबांनी पाव महाग केला आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. दोघांपैकी कुणाला घरी पाठवलं नाही, निदान अजून तरी नाही.

मालकांनी आत्याला काढलं नाही. पण रोलरसमोरून उठवलं आणि उशीच्या अभ्र्यांच्या बाकावर बसवलं. "अशा हातांनी गरम रोलरसमोर उभं राहू देणार नाही, काही झालं तर मी काय तोंड दाखवू?" ते म्हणाले. पहिल्या दिवशी घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि मी बोलायला गेले तर म्हणाली, "मला नको समजावूस. मला वाईट वाटतंय, वाटू दे."

अभ्र्यांचं काम एकेकटीचं. उलटा अभ्रा सुलटा करायचा, कोपरे बाहेर काढायचे, तोंडाशी असलेली झडप आत सरकवायची, तीन पदरी घडी आणि चळतीवर. बाकावरच्या बाकीच्या सगळ्या नव्या, हळूबाई. आत्याचे हात सकाळच्या वेळी अजूनही त्या सगळ्यांना मागे टाकतात, आणि आठवड्याभरात तिची चळत शेजारणीच्या दुप्पट व्हायला लागली होती. तिचं नाकही थोडं वर आलं होतं.

मग अभ्र्यांचा कोटा ठरवायला त्याच बाई आल्या. बाकाच्या टोकाला खुर्ची घेऊन बसल्या, दिवसभरासाठी. सगळ्या बायकांची नजर आत्याकडे. माझीही. सकाळची वेळ, हात मोकळे, आणि समोर बघायला बसलेलं माणूस. तिचे हात सुरू झाले आणि मला कळलं की ते पळणार. एक अभ्रा, दुसरा, तिसरा. मग तिने शेजारणीकडे पाहिलं. ती अजून पहिल्याचा दुसरा कोपरा काढत होती.

आत्या थांबली. तिने हातातला अभ्रा खाली ठेवला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तहान लागली," आत्या म्हणाली. ती उठली, नळापर्यंत सावकाश चालत गेली, पेला भरला आणि तिथेच उभी राहून पूर्ण पेलाभर पाणी प्यायली. मी काउंटरवर गठ्ठा बांधता बांधता बघत होते. मी लॉन्ड्रीत लागले त्याला इतकी वर्षं झाली, कामाच्या वेळेत तिला पाणी पिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाई घड्याळाकडे न बघता वाट बघत राहिल्या, आणि मग बाकावरची दुसरी एकजण उठली, तिलाही तहान लागली होती.